आमच्या शाळेचं बिल तुम्ही का भरायचं?

परवा इथे कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये एकाकडे डोहाळजेवण होतं. वर बायकांची ओटी, फोटो, गाणी चाललेली आणि आम्ही पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे बेसमेंटमध्ये, पेपर प्लेटा घेऊन. विषय फिरत फिरत प्रॉपर्टी टॅक्सवर, ज्यात शाळांचाही हिस्सा असतो, त्यावर आला (येतोच, इथे चार मराठी माणसं पंधरा मिनिटं बसली की घरांचे भाव, मॉर्गेज आणि टॅक्स ह्या क्रमाने गाडी जाते) आणि माझा साताऱ्याचा दोस्त सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, तुमच्या चर्चच्या शाळा आमच्या पैशावर चालतात की. उद्या आम्ही मंदिरात शाळा काढतो, देतंय का सरकार पैसे?" सगळे हसले, मीपण हसलो. प्रश्न रास्त होता, तोंडात गरम वडा होता, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत होत नाही. म्हणून इथे लिहितोय. दोस्ता, वाचशील तर पूर्ण वाच.

आधी माझं सांगतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की लपवलं. मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात आणि घरी जे बोलतो ते ऐकून पुणेकर विचारतात ही नक्की मराठीच ना. माझी दोन्ही पोरं इथल्या कॅथलिक शाळेत, मोठी बारावीला, धाकटा सहावीला. म्हणजे माझा स्वार्थ आहे, उघड आहे.

आता पहिला गैरसमज. लोकांना वाटतं ह्या शाळा चर्च चालवतं आणि सरकार वरून अनुदान देतं, आपल्याकडच्या अनुदानित शाळांसारखं, संस्था खाजगी आणि पगार सरकारचा. तसं नाहीये. ऑन्टारिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, सरकारी शाळांच्याच चार यंत्रणा आहेत: इंग्लिश पब्लिक, इंग्लिश कॅथलिक, फ्रेंच पब्लिक, फ्रेंच कॅथलिक. एकूण ७२ बोर्डं, त्यातली ३७ कॅथलिक. बोर्डाचे ट्रस्टी मतदानाने निवडून येतात, बिशप नेमत नाही. अभ्यासक्रम प्रांताचा, प्रांताची इक्यूएओ नावाची परीक्षा तीच, शिक्षकाचं लायसन्स तेच, फी शून्य. प्रांतात सरकारी पैशावर शिकणारी मुलं २० लाखांच्या आसपास असतील, त्यातली ढोबळमानाने दर तिनातलं एक कॅथलिक शाळेत जातं. म्हणजे हा कुणा मूठभर लोकांचा लाड नाहीये, बंद करायचं म्हटलं तर अर्ध्या गल्लीची सकाळ बदलेल.

आता इतिहास. कंटाळा येत असेल तर खाली जा, पण मग पुढच्या डोहाळजेवणाला मला प्रश्न विचारू नका.

१८४७ मध्ये आयर्लंडमधल्या दुष्काळातून पळालेली माणसं बोटींतून टोरांटोला उतरली. शहराची वस्ती तेव्हा साधारण २०,००० आणि त्या एका वर्षात आले जवळपास ३८,०००. उपाशी, तापाने फणफणलेले, आणि वर कॅथलिक. शहर कट्टर प्रोटेस्टंट, ऑरेंज लॉज ह्या कॅथलिकविरोधी संघटनेवाल्यांचं राज्य. टोरांटोचे पहिले बिशप मायकेल पॉवर ह्याच लोकांची सेवा करताना टायफसने त्याच वर्षी गेले. सार्वजनिक शाळा नावाला सगळ्यांच्या, पण तिथली प्रार्थना, बायबल, एकूण वातावरण सगळं प्रोटेस्टंट. आयरिश आईबापांना पोरं शिकवायची होती पण ती घरी येऊन आपल्याच धर्माला नावं ठेवतील ही भीती. वेगळ्या शाळेची सोय कायद्यात १८४१ पासून होती, ती भांडत भांडत वाढत गेली आणि १८६३ च्या स्कॉट अ‍ॅक्टने बऱ्यापैकी पक्की झाली.

मग १८६७ ला कॅनडा देश म्हणून उभा राहताना राज्यघटनेत कलम ९३ आलं. तोवर कायद्याने मिळालेले धार्मिक शाळांचे हक्क कुठल्याही प्रांताला काढून घेता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. आणि इथे गंमत आहे, हे त्या बेसमेंटमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. ह्या कलमासाठी सगळ्यात जास्त जोर कोणी लावला? अलेक्झांडर गॉल्ट नावाच्या पुढाऱ्याने, आणि तो काही कॅथलिक नव्हता. त्याला क्विबेकमधल्या प्रोटेस्टंटांची काळजी होती, तिथे ते अल्पसंख्य. म्हणजे व्यवहार दोन्हीकडून होता, तुम्ही तिकडे आमच्या लोकांना सांभाळा, आम्ही इकडे तुमच्या. भाऊबंदकीत शेताचा बांध घालताना जसं दोघांच्या सह्या असतात तसं. त्यावर देश उभा राहिला. दीडशे वर्षांनी एकाने यायचं आणि म्हणायचं की बांध जुना झाला, काढून टाकू, हे मला पटत नाही.

आणि शब्द दिला म्हणून सगळं ताटात वाढून मिळालं असंही नाही. हायस्कूलच्या पैशावरून टायनी नावाच्या टाउनशिपच्या ट्रस्टींनी केस केली, ती थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत, गेली आणि १९२८ मध्ये कॅथलिक हरले. मग पुढची कित्येक वर्षं कारभार असा की दहावीपर्यंत सरकार पैसे देणार, तेही प्राथमिकच्या दराने, आणि अकरावीपासून पुढे आईबापांनी फी भरायची. टॅक्स भरायचा तो वेगळाच. नन आणि फादर लोक जवळपास फुकटात शिकवायचे, पॅरिशच्या हॉलमध्ये बिंगो लावून छपराचे पैसे काढायचे. इटलीहून, पोर्तुगालहून आलेली बांधकाम मजूर माणसं, त्यांनी घामाच्या पैशातून ह्या शाळा धरून ठेवल्या. आज ज्या इमारतींकडे बोट दाखवून लोक "सरकारी पैशावर" म्हणतात त्यातल्या बऱ्याचशा जुन्या शाळांना आधी ह्यांचा पैसा लागलाय, सरकार नंतर आलं.

ते सरकार म्हणजे बिल डेव्हिस, तेव्हाचा प्रांताचा प्रीमियर, आपल्याकडचा मुख्यमंत्री म्हणा. आमच्याच ब्रॅम्प्टनचा माणूस, स्वतः कॅथलिक नाही. १९७१ मध्ये त्याने पूर्ण फंडिंगला चक्क नाही म्हटलं आणि त्यावर निवडणूक जिंकली. आणि त्याच माणसाने १२ जून १९८४ ला विधानसभेत उभं राहून सांगितलं की आता शेवटच्या वर्गापर्यंत पैसे देणार. हाहाकार झाला. टोरांटोच्या अँग्लिकन आर्चबिशपनी तर ह्या कारभाराची तुलना हिटलरशी केली. पुढच्या वर्षी त्याच्या पक्षाची ४२ वर्षांची सत्ता गेली, कारणं बरीच होती पण हेही एक धरतात. कायदा झाला १९८६ मध्ये, दुसऱ्याच पक्षाच्या सरकारात, आणि १९८७ ला सुप्रीम कोर्टाने शिक्का मारला की हे घटनेत बसतं. आणि मुलामागे समान पैसा? तो १९९८ मध्ये आला, माइक हॅरिस प्रीमियर असताना, प्रांताने सगळा निधी आपल्या हातात घेऊन एकच फॉर्म्युला लावला तेव्हा. म्हणजे "दीडशे वर्षं फुकट खाताय" म्हणणाऱ्यांना सांगतो, खरी बरोबरी होऊन तीस वर्षंही झाली नाहीत.

बरं, इतिहास राहू दे. साताऱ्याच्या दोस्ताचा मूळ मुद्दा वेगळा आहे, कॅथलिकांना मिळतं तर ज्यूंना, शिखांना, मुसलमानांना, हिंदूंना का नाही. ह्याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही, कारण तो बरोबर बोलतोय. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इतर धर्मांच्या शाळांना पैसे द्यायला प्रांत बांधील नाही, कॅथलिकांचं कलम ९३ मुळे वेगळं. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने सांगितलं की हा भेदभाव आहे. दोन्ही खरं आहे. कायद्याने ठीक आणि तरीही दुसऱ्याला डावलणारं, अशा गोष्टी असतात.

पण मग उपाय काय? एका पोराच्या ताटात पोळी आहे, दुसऱ्याच्या नाही, तर पहिल्याची काढून घेतली की झाली समानता? माझं मत विचाराल तर प्रांताने दुसऱ्या धर्माच्या शाळांनापण घ्यावं, अटी घालून घ्यावं, तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा, लायसन्सवाले शिक्षक, निवडून आलेलं बोर्ड. २००७ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाच्या जॉन टोरीने साधारण असंच वचन दिलं होतं आणि सपाटून आपटला. तेव्हाचा प्रीमियर मॅकगिंटी जिंकला, तो स्वतः कॅथलिक, आणि त्याने हे नको म्हटलं. त्या वेळी आमच्या बाजूचे किती लोक टोरीच्या मुद्द्यामागे उभे राहिले? फारसे नाही. आपली पोळी सांभाळत गप्प बसले. हे मला लागतं, आणि दोस्ताच्या प्रश्नाला जी धार आहे ती तिथूनच येते असं मला वाटतं.

आता "एकत्र करा, पैसे वाचतील" ही ओरड. दर काही वर्षांनी येते आणि सध्या जास्त आहे, कारण २०२५ मध्ये प्रांताने काही बोर्डांचा कारभार काढून सरकारी सुपरवायझर बसवले, त्यात टोरांटोचं आणि आमच्या पीलचं कॅथलिक बोर्डही आहे (पब्लिक बोर्डंही आहेत, ते मात्र कोणी सांगत नाही). त्याच्या आदल्या वर्षी एका कॅथलिक बोर्डाचे चार ट्रस्टी शाळेसाठी कलाकृती आणायला इटलीला जाऊन आले. इटलीला! ह्यावर काय बोलणार, लाज आणली. पण चार जणांनी माती खाल्ली म्हणून घर पाडत नाहीत, त्यांना घरी बसवतात.

पैसे किती वाचतील ते बघू. पैसा मुलामागे जातो. उद्या नावं बदलली तरी तेवढीच मुलं, तेवढेच वर्ग, तेवढेच शिक्षक, हीटिंग तेवढंच. बसेस बहुतेक ठिकाणी आधीच दोन्ही बोर्डांच्या एकत्र आहेत, माझ्या धाकट्याच्या बसमध्ये पब्लिक शाळेची पोरं असतात आणि मागच्या सीटवर कोण बसणार ह्यावरून रोज धर्मनिरपेक्ष मारामारी होते. वाचतील ते वरच्या ऑफिसातले काही पगार. आणि बाकी खर्च? वेगवेगळ्या युनियनचे करार एक करायचे तर कोणाचा पगार खाली आणणार, सगळे वरच्या दरालाच येणार. इमारतींचे मालकी हक्क, वकील, कोर्ट, पाच-सात वर्षं तर त्यातच जातील. १९९८ मध्ये बोर्डं १२९ वरून ७२ वर आणली तेव्हाही बचत हाच मंत्र होता, आणि पैसे कमी पडतायत हे रडगाणं तेव्हापासून आजतागायत चालूच आहे.

ज्यांना वाटतं घटनेत आहे म्हणजे कोण हात लावणार, त्यांनाही सांगतो, गाफील राहू नका. क्विबेकने १९९७ मध्ये घटनादुरुस्ती करून धर्माची बोर्डं काढली आणि भाषेची आणली. न्यूफाउंडलँडने त्याच वर्षी जनमत घेतलं आणि सगळ्या धर्मांच्या शाळा एक करून टाकल्या. प्रांत आणि ओटावा (केंद्र सरकार) दोघं राजी झाले की बास, बाकीच्या प्रांतांना विचारायचीही गरज नाही. अल्बर्टा, सस्कॅचवान आणि आम्ही, एवढेच उरलोय. सस्कॅचवानमध्ये तर २०१७ ला एका न्यायाधीशाने निकाल दिला होता की कॅथलिक शाळेतल्या बिगरकॅथलिक मुलांसाठी सरकारने पैसे देऊ नयेत. तो २०२० मध्ये वरच्या कोर्टात फिरला म्हणून, नाहीतर माझ्या दोस्ताचीच पंचाईत झाली असती.

कारण, आणि हे त्या दिवशी मी सांगायला हवं होतं, ह्या माणसाचा स्वतःचा मुलगा कॅथलिक हायस्कूलमध्ये आहे! अकरावीत. कायद्याने नववी ते बारावी कोणालाही प्रवेश आहे, बाप्तिस्मा विचारत नाहीत. बिगरकॅथलिक मुलाला धर्माच्या तासातून सूटही मागता येते, २०१४ मध्ये त्यावर कोर्टाचा निकाल आहे. ह्याच्या मुलाने सूट घेतली नाही कारण त्यात मार्क चांगले पडतात असं त्याचं म्हणणं. अकरावीला तो तास म्हणजे जगातले धर्म. तर हे पोरगं एक दिवस घरी येऊन बापाला विचारतं, आपण शैव की वैष्णव, प्रोजेक्टमध्ये लिहायचंय. बापाला काय माहीत, त्याने साताऱ्याला आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे दोन वाजलेले. आई म्हणाली, माळ घालतो म्हणून वारकरी, कुलदैवत खंडोबा, दोन्ही लिही आणि मला झोपू दे. पोराने दोन्ही लिहिलं, शिक्षिकेने वर्गात वाचून दाखवलं. हे मला दोस्तानेच सांगितलंय, मोठ्या कौतुकाने सांगितलंय.

आमच्या घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझी आई वसईला वारली. मी एकटा गेलो, चौघांची तिकिटं त्या वेळी शक्य नव्हती. मोठीचं आजीवर फार होतं. शाळेत चॅप्लेन म्हणून एक बाई आहेत, पाद्री नाहीत, पगारी कर्मचारी, पोरांशी बोलणं, प्रार्थना, दुःख-बिख बघणं हे त्यांचं काम. त्यांनी तिला दुपारच्या सुट्टीत चॅपलमध्ये बसवलं, विचारलं आजी प्रार्थना कुठल्या भाषेत करायची. ही म्हणाली मराठीत. मग त्या म्हणाल्या, तूच म्हण, आम्ही ऐकतो. आणि माझ्या पोरीने, जिचं मराठी म्हणजे "मला भूक लागला", तिने "हे आमच्या स्वर्गातील बापा" पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, आजीने फोनवर शिकवलेलं. ऐकायला सहा-सात पोरं, फिलिपिनो, तामिळ, एक नायजेरियन, कोणाला एक शब्द कळला नसेल. मी तेव्हा तिकडे देवळाच्या पायरीवर बसून तिचा मेसेज वाचत होतो. आता हे बजेटच्या कुठल्या रकान्यात टाकायचं? पब्लिक शाळेतही प्रेमळ माणसं असतात, खूप असतात, पण तिथे त्या बाईंना हे करायची मुभा नाही, आणि नसणंही तिथल्या हिशेबाने बरोबरच आहे. म्हणूनच दोन्ही पाहिजेत.

सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. मोठीला केजीत घालताना बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, आमचा दाखला पॅरिशचा, मराठीत. ऑफिसातल्या बाई भल्या होत्या पण त्यांना फक्त शिक्क्यातला क्रॉस ओळखता आला. मग चुलतभाऊ बाइक काढून फादरांकडे गेला, इंग्रजीत नवीन दाखला, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप, तेव्हा काम झालं. तेव्हा हसलो, पण ज्या शेजाऱ्याच्या पोराला समोरचीच शाळा मिळत नाही कारण दाखलाच नाही, त्याला हसू येणार नाही. काही बोर्डांनी ही अट सैल केलीय, सगळ्यांनी करावी. शिक्षकांच्या नेमणुकीत पाद्रीबाबांचं पत्र लागायचं प्रकरणही आता जुनं झालं, गणित शिकवणाऱ्याचा धर्म कशाला बघायचा. आणि गे पोरांचे क्लब. शाळेत असे क्लब काढू द्यायचा २०१२ चा कायदा आल्यावर आमच्या मंडळींनी क्लबच्या नावावरून जो घोळ घातला तो घालायला नको होता, पोरं मदत मागत होती आणि मोठी माणसं शब्दांवर अडून बसली. सरकारचा पैसा घेतो तर सरकारच्या पोरांना, म्हणजे सगळ्यांच्या, जागा द्यायलाच पाहिजे. आणखी एक, ज्याचा मुलगा आमच्या शाळेत आहे त्या माझ्या दोस्ताला आमच्या ट्रस्टीसाठी मत देता येत नाही, कारण तो कॅथलिक नाही. हे तर सरळ चूक आहे.

तर ह्या रविवारी मी आमच्या एमपीपीला (प्रांताच्या आमदाराला) पत्र लिहायला बसलो. ट्रस्टी ठेवा, सुपरवायझर लवकर काढा, फंडिंगला हात लावू नका, आणि जमलं तर दुसऱ्यांनाही द्या, एवढंच. लिहिताना वाटलं आपण टॅक्सवाले, आपल्या बिलावर "इंग्लिश सेपरेट" (म्हणजे इंग्लिश कॅथलिक) लिहिलेलं असतं ते नेमकं कसं लिहितात ते बघून घेऊ. फाइल काढली. बिलावर लिहिलंय "इंग्लिश पब्लिक". पहिल्या घराला आम्ही कॅथलिक शाळांकडचे असा फॉर्म भरला होता, २०१९ मध्ये घर बदललं तेव्हा भरायचाच राहिला, आणि काही सांगितलं नाही की ते आपोआप पब्लिक धरतात. पैशाला त्याने काही फरक पडत नाही, १९९८ पासून सगळं प्रांतच वाटतो. पण मत? कुठल्या बोर्डाच्या ट्रस्टीला मत द्यायचं ते त्या नोंदीवरूनच ठरतं. म्हणजे २०२२ च्या निवडणुकीत मी कोणाला मत देऊन आलो होतो? बायको म्हणाली, पब्लिकवाल्यांना, मला तेव्हाच नावं ओळखीची वाटेनात, तुला म्हटलं होतं मी. फॉर्म ऑनलाइन भरला, दहा मिनिटं लागली. पत्र मंगळवारी पाठवलं.